आईचे पन्नास किलो

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी पुण्यात बँकेत नोकरी करतो, वय ४९. आई ७४ वर्षांची, कराडला दादा-वहिनींकडे असते. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. गेल्या महिन्यात गुडघा दाखवायला आई इकडे आली, तेव्हा दवाखान्यात तिचं वजन ५१ किलो भरलं. डॉक्टरांनी विचारलं, "वर्षापूर्वी किती होतं?" आई म्हणाली, "माझं कायम पन्नासच. १९७१ साली लग्न झालं तेव्हापण पन्नासच होतं." मला हे पटत नाही. मला आठवते ती आई चांगली अंगापिंडाने भरलेली, साठ-पासष्टच्या घरातली. आकड्यांच्या बाबतीत माझी आठवण पक्की आहे. माझं स्वतःचं वजन दहा वर्षांत ७२च्या वर गेलेलं नाही. दादाला फोन केला तर म्हणाला, "आहे तशीच आहे." मागून वहिनींचा आवाज आला, "आम्ही काय उपाशी ठेवतो का त्यांना?" तेव्हापासून बोलणं तुटल्यासारखं झालंय. आईला विसरायला होतंय का? ती लपवतेय का? की ते दोघं लपवतायत? खरं कोणाचं मानू?

उत्तर:

तुमच्या पत्रात साक्षीदार तीन आहेत: आई, दादा आणि तुम्ही. तिघांपैकी एकानेही गेल्या वर्षी काटा पाहिलेला नाही. त्यामुळे "खरं कोणाचं" हा प्रश्न मी जरा बाजूला सारते. आधी आईच्या पन्नासबद्दल बोलू. तुम्ही त्या आकड्यावर चिडलायत, मला मात्र तो आकडा आवडला.

१९७१ साली लग्न झालेल्या मुलीचं वजन कोणी केलं असेल? काटा असायचा तो दुकानात, घरात नाही. गूळ, कापूस, रद्दी यांची वजनं व्हायची, माणसाचं क्वचितच. झालंच तर बाळंतपणात सरकारी दवाखान्यात, नाहीतर रेल्वे स्टेशनवरच्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या यंत्रावर. नाणं टाकलं की चकती गरगरायची आणि खटकन पुठ्ठ्याचं छोटं तिकीट खाली पडायचं, त्यावर वजन आणि सोबत भविष्याची एक ओळ. बरं, किलो येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मेट्रिक वजनं आपल्याकडे १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि बाळ "सात पौंडांचं झालं" असं आपण त्यानंतरही किती वर्षं म्हणत होतो! तुमच्या आईला कोणी "एकशे दहा पौंड" सांगितलं असेल, तर त्याचे जवळजवळ बरोबर पन्नास किलो होतात. म्हणजे लग्नातले पन्नास खरे असूही शकतात. पण "कायम पन्नास" ही वेगळी गोष्ट आहे. त्यात मधली पन्नास वर्षं, दोन बाळंतपणं आणि रजोनिवृत्ती सगळं एका आकड्यात गुंडाळलंय.

यावरून त्यांना हसू नका. मीही तेच केलंय. आमचं लग्न झाल्यावर आम्ही महाबळेश्वरला निघालो, तेव्हा स्टेशनवर मी हौसेने वजन केलं होतं. पुढे पंचवीस-तीस वर्षं मी लेकीला सांगत आले, "लग्नात मी सत्तेचाळीस किलोची होते, तुझ्यासारखी नाही." मग घर रंगवायला काढलं तेव्हा बटणांच्या डब्यात ते तिकीट सापडलं. पाठीवर ह्यांच्या अक्षरात तारीख होती, १४ मे १९८२, आणि पुढच्या बाजूला ५२. मी खोटं बोलत नव्हते. मला सत्तेचाळीस *आठवत* होते, अगदी स्वच्छ. लेकीने ते तिकीट फ्रिजवर चिकटवलंय.

ही गंमत फक्त तुमच्या आईची आणि माझी नाही, यावर रीतसर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्स्टनमध्ये १९६० साली हृदयविकाराच्या एका अभ्यासासाठी लोकांची वजनं करून ठेवली होती. २८ वर्षांनी, म्हातारपणी, त्याच लोकांना विचारलं की तेव्हा तुमचं वजन किती होतं. बहुतेकांची उत्तरं वाटली होती त्याहून बरीच जवळ निघाली. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना काही आठवत नाही हा आपला समज इथे फारसा टिकत नाही. कोण सडसडीत होतं आणि कोण भरलेलं, हा क्रम तर सहसा शाबूत राहतो.

पण चुका होतात त्या वाटेल तशा होत नाहीत, त्यांना एक कल असतो. स्वीडनमध्ये जुळ्या भावंडांना वीस वर्षांपूर्वीचं वजन विचारलं तेव्हा तो कल स्पष्ट दिसला: लोक पूर्वीचं वजन कमी सांगतात, आणि ज्यांचं वजन जास्त होतं ते जास्तच कमी सांगतात. दुसरी गोष्ट अशी की आजचं वजन जुन्या आठवणीला आपल्याकडे ओढतं. आज ५१ आहे ना, मग पूर्वीही तेवढंच असणार, असं मनाला वाटतं. तिसरी गोष्ट तुम्हा बँकवाल्यांना लगेच कळेल. सांगितलेल्या वजनांच्या शेवटी शून्य किंवा पाच जरा जास्तच वेळा येतात. "पन्नास" हे माप नाही, गोल केलेली रक्कम आहे.

आता तुमची आठवण. तुम्ही आईला "साठ-पासष्टची" म्हणता, तेही गोलच, आणि तेही कुठल्या काट्यावर पाहिलेलं नाही. लहानपणी तुम्ही तिच्या मांडीवर होतात. तिथून बघताना आई मोठीच दिसते. शिवाय त्या काळच्या फोटोंमध्ये लुगड्याच्या निऱ्या, खांद्यावरून घेतलेला पदर, हिवाळा असेल तर वर शाल. शरीर त्यात कुठे आणि कापड कुठे, हे कोण सांगणार? त्यात वयाबरोबर पाठीचे मणके दबून माणसाची उंचीही थोडी कमी होते. तेव्हाची उंच, भरदार बाई आज बुटकी आणि बारीक दिसते, आणि या बदलाचा सगळा दोष आपण वजनाला देतो. तुमची आठवण चूक आहे असं मी म्हणत नाही. ती आईच्या आठवणीइतकीच मऊ आहे, एवढंच म्हणते.

मला यात खटकतं ते वेगळंच. डॉक्टरांनी विचारलं होतं *वर्षापूर्वीचं* वजन, आणि तुमच्या घरात भांडण सुरू झालं *पन्नास वर्षांपूर्वीच्या* वजनावरून. आई लग्नात पन्नासची होती की पंचावन्नची, याने आज तिच्या तब्येतीत काडीचा फरक पडत नाही. गेल्या दिवाळीला ती किती होती, याने पडतो. म्हाताऱ्या माणसाचं वजन ठरवून कमी न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात आणि कारण शोधू लागतात. आता हिशेब करा. गेल्या वर्षी आई ५२ असेल तर एका किलोचा फरक आहे. तो दोन दवाखान्यांच्या दोन काट्यांत, एकदा सुती पातळ आणि एकदा गाऊन घालून उभं राहिल्यानेही पडू शकतो. ५६ असेल तर पाच किलो गेले, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. मग थांबून चालणार नाही. आईची आठवण "पन्नासच्या आसपास" इतपत बरोबर असली तरी या दोन शक्यतांतला फरक तिला सांगता येणार नाही. आणि प्रश्न तर नेमका त्या चार किलोंचा आहे.

म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांना सरळ सांगा, "नक्की माहीत नाही." यात ओशाळायचं काही कारण नाही. वृद्धांचं पोषण तपासायला जगभर वापरतात त्या एका छोट्या प्रश्नावलीत, गेल्या तीन महिन्यांत वजन उतरलं का या प्रश्नाला "माहीत नाही" असं वेगळं उत्तरच छापलेलं आहे. त्याला गुण मिळतात १. तीन किलोंहून जास्त उतरलं तर ०, एक ते तीन किलो उतरलं तर २, अजिबात उतरलं नाही तर ३. म्हणजे "माहीत नाही" म्हणणारा माणूस थोडंसं वजन उतरलेल्यापेक्षा जास्त काळजीचा समजतात. आईने ठामपणे "कायम पन्नास" सांगितलं आणि डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं, तर तिला पूर्ण तीन गुण मिळतील आणि पुढचं काही विचारलंच जाणार नाही. मला भीती त्याची आहे.

मग वर्षापूर्वीचं वजन शोधायचं कुठे? आधी कागदांत. आईची बी.पी.ची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर कराडच्या डॉक्टरांच्या केसपेपरवर कोपऱ्यात वजन लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड बघा, इकोचा रिपोर्ट बघा, गावात एखादं आरोग्य शिबिर झालं असेल तर त्याची चिठ्ठी बघा. हे सगळं बहुधा औषधांच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत, कपाटावर, वडिलांच्या फायलींखाली असेल. वडिलांचे कागद त्यात मिसळलेले असतील, तर वजन कोणाचं ते नाव वाचून घ्या. तारीख आणि आकडा, दोन्ही टिपून ठेवा.

कागद नाहीच मिळाला तर कपडे. १९८१च्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टरांनी यासाठी चांगला व्यवहारी निकष वापरला होता. जुनं वजन नोंदलेलं नसेल तर तीन गोष्टी बघायच्या: कपड्यांचं माप बदललं का, घरचं किंवा जवळचं कोणी दुजोरा देतं का, आणि किती उतरलं याचा आकडा त्या माणसाला सांगता येतो का. तिन्हीपैकी दोन असतील तर वजन उतरलंय असं धरायचं. तुमच्याकडे आकडा नाही आणि दुजोऱ्यावरून भांडण झालंय, तेव्हा उरलं काय तर पोलकं.

आईचं एक जुनं आणि एक अलीकडचं पोलकं घ्या, उलटं करा आणि बाजूची शिवण बघा. शिंपी आत कापडाची माया ठेवतो. बाई भरत गेली की जुनी टीप उसवून बाहेरच्या बाजूला नवी मारतात. बाई उतरत गेली की आतल्या बाजूला दुसरी टीप पडते. उसवलेल्या टिपेच्या जागी बारीक भोकांची रांग राहते, धुऊन धुऊनही ती जात नाही. म्हणजे आतबाहेर किती वेळा आणि किती बोटं, हे सगळं त्या कापडावर लिहिलेलं असतं. नवी टीप कधी मारली ते आईला विचारलंत तर ती बहुतेक बरोबर सांगेल, कारण ते तिने हाताने केलेलं काम आहे. वडिलांची काळजी वाटते अशा वाचकांनी पट्टा बघावा. रोज बक्कल लागून रुंद झालेलं भोक कुठलं, आणि आता ते कुठल्या भोकात लावतात? कोणी खिळ्याने नवीन भोक पाडलंय का? पाटल्या कोपराकडे सरकतात का, अंगठीला दोरा गुंडाळलाय का, कवळी हलते का, हेही बघा. कवळीकडे तर मुद्दाम लक्ष द्या. वजन उतरलं की ती सैल होते, आणि सैल झाली की खाणं कमी होतं.

आईला विचारायचंच असेल तर किलोंत विचारू नका. "गेल्या वर्षी किती होतं?" हा प्रश्न तिच्यासाठी हवेतला आहे. या पिढीला तारखा प्रसंगांनी आठवतात. कोयनेचा भूकंप १९६७च्या डिसेंबरातला आणि दुष्काळ ७२चा, हे त्यांना पाठ असतं, पण स्वतःची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी लिहिली तीच. तेव्हा "वर्षश्राद्धाला ते हिरवं पातळ नेसली होतीस, त्यावरचं पोलकं आता कसं होतं?" असं विचारा. आणखी एक युक्ती संशोधकांचीच आहे. किडकिडीत ते अगदी स्थूल अशी नऊ माणसांची रेखाचित्रं ओळीने दाखवायची आणि विचारायचं, अमुक वयात तुम्ही यातले कोण होता? बॉस्टनच्या आसपासच्या शाळांत १९२२पासून काही मुलांची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली होती. ती मुलं सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्याकडून अशा चित्रांवर बोट ठेवून घेतलं, तेव्हा त्यांचं बोट जुन्या मोजमापांशी बऱ्यापैकी जुळलं. चित्रं कशाला हवीत म्हणा, आपल्याकडे नातेवाईक आहेत. "गेल्या वर्षी तू मावशीसारखी होतीस की आत्यासारखी?" उत्तर हसत हसत आणि अचूक येईल.

आईला विसरायला होतंय का, याबद्दल. जुनं वजन चुकीचं सांगणं हे विसरण्याच्या आजाराचं लक्षण नाही. तसं असेल तर मी १९८२पासून आजारी आहे. एकच गोष्ट तासाभरात तीनदा विचारणं, चालू गॅस विसरणं, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, पैशांचा गोंधळ होणं, हे दिसत असेल तर जरूर दाखवा. मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. कारण नसताना वजन उतरणं हे कधी कधी अशा आजाराच्या आधीपासून दिसू लागतं. त्यामुळे आईची परीक्षा घेऊ नका, पण वजनाचा पाठपुरावा सोडू नका.

लपवतेय का? लपवत असेलही. "काही झालं तर मुलांना खर्च", "पुण्याला तपासण्या म्हणजे दादाच्या रजा", ही गणितं आयांच्या डोक्यात सतत चालू असतात. आणि "मी कायम पन्नास" यात थोडी ऐटही असेल, ती राहू द्या. त्या आकड्याला खोटं पाडून तुम्हाला काही मिळणार नाही.

खरी अडचण वहिनींची आहे. तुम्ही विचारलंत वजन, त्यांनी ऐकला आरोप. सासूचं वजन उतरलं म्हणजे सून वाढत नाही, हे समीकरण आपल्याकडे इतकं जुनं आहे की तुम्ही न बोलताही ते बोललं जातं. गेली कित्येक वर्षं आईचं ताट कोण वाढतंय? आईबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेल्या माणसालाच तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत, तेही दादामार्फत. फोन तुम्ही करा, थेट त्यांना. "वहिनी, माझं विचारणं चुकलं. डॉक्टर मला प्रश्न विचारतात आणि मला एकाचंही उत्तर येत नाही, रोजचं तुम्हालाच माहीत. आई हल्ली काय खाते, काय ताटात टाकते, तेवढं सांगाल का?" एवढंच बोला आणि मग गप्प राहून ऐका.

ऐकण्यासारखं बरंच निघेल बघा. भाकरी चावत नाही म्हणून आई ती आमटीत कुस्करते, अर्धीच खाते आणि "पोट भरलं" म्हणते का? वडील गेल्यापासून उपास वाढलेत का? आधी एकादशी, मग सोमवार, मग चातुर्मासात एकभुक्त, हे इतकं हळूहळू होतं की घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. संध्याकाळी एकटीने जेवायला नको वाटतं म्हणून नुसतं दूध घेते का? मधुमेहाची एखादी गोळी बदलली तेव्हापासून तोंडाला चव नाही, असं म्हणते का? दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? संध्याकाळी कणकण येते का? थायरॉइड, साखर, क्षयरोग, दात, मन, गाठी हे सगळं डॉक्टर तपासतील, पण कुठून सुरुवात करायची ते वहिनींच्या उत्तरांवरून ठरेल. पायांना सूज आहे का तेही त्यांना विचारा, कारण अंगात पाणी साठलं की काटा खाली येत नाही आणि आतलं उतरलेलं मांस झाकलं जातं.

यापुढे आठवणीवर काही ठेवायचं नाही. घरात एक साधा काटा, तो सपाट फरशीवर, कायम त्याच जागी. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी, चहाच्या आधी, शक्यतो तशाच कपड्यांत. आकडा लिहायचा कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी. अर्धा-पाऊण किलोच्या चढउतारावरून फोन करायचे नाहीत. दोन महिने सलग खाली जाताना दिसलं तर पान फाडून डॉक्टरांपुढे ठेवायचं. पण वहिनी काय सांगतात ते आधी डॉक्टरांना कळवा. त्यासाठी पुढच्या एक तारखेची वाट बघू नका.

काटा कराडला घेऊन जाल तेव्हा एक सांभाळा. तो आईसाठी आणलाय असं म्हणू नका, आणि वहिनींच्या हातात तर मुळीच देऊ नका. दारात ठेवा आणि सगळ्यांसमोर आधी तुम्ही त्यावर उभे राहा. दहा वर्षांत ७२च्या वर गेलेला नाहीत ना? मग काय तो आकडा वहिनींना मोठ्याने वाचू द्या.